राजारामचा उजवा कान

राजारामचा डावा कान नेमका कधी गेला, हे कुणालाच सांगता येत नाही. त्याची बायको चंपा होती तोवर ती वरळीच्या बीडीडी चाळीतल्या एका खोलीत त्याच्या उजव्या अंगाला झोपायची आणि जे काय बोलायचं ते उजव्याच कानात बोलायची. डाव्या कानाची चौकशी करायची वेळच आली नाही. चंपा गेल्यावर घर एकदम शांत झालं. ती शांतता सगळी चंपाच्या जाण्याची आहे असं राजाराम समजत होता. निम्मी कानाची होती.

हे शोधून काढलं त्याच्या मुलीने, संघमित्राने. ती परळला कान तपासणाऱ्या एका केंद्रात कामाला होती. माणसाला काचेच्या खोक्यात बसवायचं, कानात बारीक पीं वाजवायचं आणि ऐकू आलं की बटण दाबा म्हणायचं, असं ते काम. एक दिवस तिने बापालाच खोक्यात बसवलं. राजारामने धडाधड बटण दाबलं. मुलगी परीक्षा घेतेय म्हटल्यावर नापास कशाला व्हायचं? संघमित्राने यंत्र बंद केलं तरी तो दाबत होता.

मग तिने आईची शपथ घालून परत तपासलं. डावा कान शून्य. उजव्यात थोडं शिल्लक होतं, नळ गेल्यावर बादलीच्या तळाशी राहतं तेवढं. राजाराम वीस वर्षं झाडांवर चढून फांद्या छाटत होता आणि करवतीचं मशीन त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर किंचाळत होतं. मी कापूस घालतो, असं त्याचं म्हणणं पडलं. संघमित्रा म्हणाली, कापसाने आवाज अडत नाही, आपण काहीतरी केलं एवढं समाधान मिळतं. मग ती उजव्या कानाशी वाकली.

"बाबा, हा सीझन तुम्ही उघड्या कानाने मशीन चालवलंत ना, तर पुढच्या वर्षी मी तुम्हाला हाक मारलेली फक्त दिसेल."

राजारामला झाडावरून पडायची भीती कधी वाटली नव्हती. ही वाटली.

छाटणीचा ठेकेदार लोअर परळला बसायचा. संघमित्रा त्याच्या ऑफिसात जाऊन बसली. तो म्हणाला, हेडसेट? झाडाला काय कस्टमर केअर चालवायचंय? ती बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही बसली. कामाच्या अटींत कानाच्या संरक्षणाचं एक वाक्य होतं. ठेकेदाराच्या मते माणसाने कान जपून वापरावेत असा त्याचा अर्थ होता. संघमित्राने त्याला तोच आवाज त्याच्या कानाशी रोज आठ तास लावून द्यायची तयारी दाखवली, फुकट. शेवटी त्याने तीन हेडसेट मागवले. बाई उठत नाही, एसीचं बिल वाढतंय, असं त्याने कारण दिलं.

वस्तू मात्र झकास निघाली. नारळाच्या करवंट्यांएवढ्या दोन नारिंगी वाट्या, मध्ये पट्टा, तोंडापुढे बोटभर माईक. मशीनचा कर्कश आवाज वाटीबाहेर राहायचा आणि टोळीतल्या माणसांचं बोलणं थेट कानात यायचं. बोलताना बटण दाबायची गरज नाही, कारण झाडावरच्या माणसाचे दोन्ही हात गुंतलेले असतात. माईक कायम उघडा. एक हेडसेट झाडावरच्या राजारामला, एक खाली दोर धरणाऱ्या अभयला, एक मुकादम रामजीला. हिशोब सरळ होता. तो चुकवायला फार मोठं मन लागतं.

रामजी मोठ्या मनाचा होता.

वाईट म्हणाल तर तो अजिबात नव्हता. त्याला फक्त रीत कळायची. नवा ट्रक असो, नवं मशीन असो, नुसता नवा दोर असो, त्याला हळदकुंकू लागणार, नारळ फुटणार आणि पहिला हात कुणातरी मानाच्या माणसाचा लागणार. नाहीतर वस्तू लाभत नाही. त्या मे महिन्यात टोळीचं काम लागलं दादरला, हिंदू कॉलनीतल्या कृतार्थ सोसायटीत. आवारात एक अजस्र रेन ट्री होता, त्याच्या फांद्या चार मजल्यांच्या खिडक्यांत डोकावत होत्या, आणि पावसाआधी त्या उतरवायच्या होत्या. मानाचा माणूस शोधावा लागला नाही. सोसायटीचे सेक्रेटरी शरच्चंद्र गुप्ते गेटवरच उभे होते.

स्टीलच्या ताटात तीन हेडसेट मांडून पुढे केले गेले. गुप्ते हात पुढे करून थांबले आणि यातला कुणी न घातलेला कुठला, असं त्यांनी विचारलं. राजारामने आदल्या संध्याकाळी घरी, पंख्याखाली, एक हेडसेट दोन मिनिटं घालून बघितला होता. रामजीने तो बाजूला केला.

"गैरसमज नको हं," गुप्ते राजारामकडे बघून हसले. "तसं काही नाही. घामाचं असतं."

त्यांनी अभयचा उचलला. तो डोक्यावर चढवला, नारळ फुटला, रामजीने फोटो काढला, टाळ्या झाल्या. मग सगळे गुप्त्यांनी हेडसेट काढायची वाट बघत उभे राहिले.

गुप्त्यांनी काढला नाही. त्याचं असं झालं, की कृतार्थच्या तीन बाजूंना तीन जुन्या बिल्डिंगी पाडून टॉवर चढत होते. चौथ्या बाजूला रस्ता होता आणि घरात बायको, ललिताबाई होत्या. गुप्ते निवृत्त झाल्यापासून या चार दिशांच्या मध्ये बसलेले असायचे. वाट्या कानावर बसल्या आणि सगळं थांबलं. शांतता ही डोक्यावर घालायची वस्तू आहे, हे त्यांना पासष्टाव्या वर्षी कळलं. ते हळूहळू चालत, जिन्याला धरून, हेडसेटसकट वर निघून गेले.

अभय कॉटन ग्रीनचा, तोंडाने फटकळ पोरगा. तो रामजीला म्हणाला की माझं काय. रामजीने त्याला समजावलं, मानाने दिलेली वस्तू परत मागत नाहीत. उद्या पूजेला बसलेल्या यजमानाखालून पाट ओढशील. अभय म्हणाला, यजमान पाट घेऊन घरी जात नाही. यावर रामजीने त्याला दोर धरायला सांगितलं.

राजाराम वर चढला. कंबरेचा पट्टा खोडाला अडकवला, वाट्या कानावर घट्ट केल्या आणि मशीनची दोरी ओढली. मशीन मांजरासारखं गुरगुरलं. राजारामने त्याच्याकडे दोनदा बघितलं. त्या गुरगुरीच्या वर, अगदी स्वच्छ, जणू खांद्यावर बसून बोलावं तसा रामजीचा आवाज आला: डावीकडची घे.

"परत बोल," राजाराम म्हणाला.

डावीकडची घे, रामजी म्हणाला.

"परत."

रामजीला वाटलं हेडसेट फॉल्टी आहे. हेडसेट उत्तम होता. राजारामने कित्येक वर्षांत कुणाचं वाक्य शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं तो पहिले दोन शब्द पकडायचा आणि उरलेलं चेहऱ्यावरून लावायचा. रामजीचा आवाज इतका बायकी आहे हे त्याला त्या दिवशी कळलं.

दुपारपर्यंत सगळं छान चाललं. मग दुसऱ्या मजल्यावर गुप्ते बाथरूममध्ये गेले.

सोसायटीची वार्षिक सभा तोंडावर आली होती. गुप्त्यांना परत सेक्रेटरी व्हायचं होतं, पण ते इतरांनी सुचवायला हवं होतं. इतरांचा भरवसा नव्हता. म्हणून ते आरशापुढे उभे राहून सभेची तालीम करायचे. आधी जाड्या आवाजात कुणीतरी म्हणायचं की गुप्तेसाहेबांशिवाय ही सोसायटी चालूच शकत नाही. मग पातळ, बायकी आवाजात कुणीतरी म्हणायचं की त्यांच्यासारखा निःस्वार्थी माणूस मी पाहिला नाही. मग गुप्ते स्वतःच्या आवाजात म्हणायचे, नको नको, आता तरुणांना संधी द्या. मग दोन्ही आवाज मिळून आग्रह करायचे. हा आग्रह बराच वेळ चालायचा.

हे सगळं रेन ट्रीच्या मधल्या बेचक्यात बसलेल्या राजारामला शब्दन् शब्द ऐकू आलं. रामजीलाही आलं, पण रामजीला रीत कळत होती. राजारामला वेगळी रीत कळत होती. चाळीच्या कमिटीत त्याने बरीच वर्षं काढली होती. सूचना आली आणि अनुमोदन आलं नाही तर सभा अडून बसते, हे त्याने पाहिलं होतं. गुप्ते आरशापुढे गप्प झाले, तेव्हा त्याला वाटलं सभा अडली.

"साहेब," तो म्हणाला, "माझं अनुमोदन."

गुप्ते पाच मिनिटांनी खाली आले. तोंडावर पाणी तसंच होतं. त्यांनी रामजीला सांगितलं की हा माणूस माझ्या बाथरूममध्ये होता. रामजी म्हणाला, साहेब, तो सकाळपासून झाडावर आहे. कानाने होता, गुप्ते म्हणाले. ही प्रायव्हसी आहे, हा कायदा आहे, ताबडतोब त्याचा हेडसेट काढा.

अभय म्हणाला, साहेब, तुम्हीच तुमचा काढा की.

गुप्त्यांनी अभयकडे बघितलं, मग रामजीकडे. रामजीने मान खाली घातली. या पोराला आपण ओळखत नाही असा त्या मानेचा अर्थ होता. पुढे कित्येक दिवस हा उपाय परत कुणी सुचवला नाही. उपाय फार सोपा असला की सुसंस्कृत लोकांना तो उद्धटपणा वाटतो.

संध्याकाळपर्यंत बातमी चारही मजल्यांवर पोचली, आणि जिना चढताना वाढत गेली. पहिल्या मजल्यावर ती अशी होती की झाडावरचा माणूस गुप्त्यांचं बोलणं ऐकतो. चौथ्यावर पोचेपर्यंत तो भिंतीतून ऐकत होता. आपण काय काय बोललो हे लोक आठवू लागले. भर मे महिन्यात कृतार्थच्या सगळ्या खिडक्या बंद झाल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या एका जोडप्याने घटस्फोटाची बोलणी थांबवली, असंही ऐकिवात आहे.

कमिटी झाडाखाली जमली. राजारामला खाली बोलावून हेडसेट काढायला सांगितलं. आणि वीस वर्षांत मुकादमापुढे कधी 'नाही' न म्हणालेला राजाराम नाही म्हणाला. त्याने कानाचं सांगितलं. डावा गेला, उजवा थोडा आहे, मुलीने सांगितलंय. हवं तर आवाज बंद करतो, पण वाट्या राहू द्या. त्याने बटण दाबून दाखवलं. हिरवा दिवा विझला.

"हे बंद साहेब. आता हे नुसतं टोपडं."

कमिटीला दिवा पुरेसा वाटला नाही. दिवा कुणीही विझवू शकतं. हा माणूस खरंच ऐकत नाही की ऐकत नसल्यासारखा दिसतो, हे कसं कळायचं? त्यावर बरीच चर्चा झाली आणि गुप्त्यांनी तोडगा काढला. राजारामने झाडावर चढून काम सुरू करावं. खालून गुप्त्यांच्या माईकमध्ये कुणीतरी असं काहीतरी बोलावं, की ऐकू आलं तर माणसाला गप्प बसवणारच नाही. चेहरा हलला, हात थांबला, मान वळली, तर दिवा खोटा. रोज सकाळी काम सुरू होताना ही चाचणी. हललास तर हेडसेट काढायचा, आणि कापूस घालून काम पुरं करायचं. राजारामने कबूल केलं. त्याच्यापुढे दुसरा पर्याय ठेवलाच नव्हता.

पहिली चाचणी गुप्त्यांनी स्वतः केली. माईक तोंडाशी धरून, वर बघत, कडक आवाजात म्हणाले: राजाराम, तुमच्या कामाचा दर्जा अत्यंत असमाधानकारक आहे. लोक श्वास रोखून बघत होते. राजारामने खरंच आवाज बंद केला होता. त्याला खाली एक माणूस तोंड हलवताना दिसला, त्याने फांदी कापली. पास.

त्याच दिवशी दुपारी त्याने एक जाड फांदी सोडली आणि खालून दुधाची पिशवी घेऊन एक बाई चालत आली. अभय बोंबलला, रामजी बोंबलला, वाट्यांच्या आत एक अक्षर पोचलं नाही. फांदी बाईच्या मागे चार हातांवर पडली. पिशवी फुटली, बाई वाचली. राजारामला पूर्वी उजव्या कानाने निदान अभयची बोंब तरी कळायची. आता तीही नव्हती. दुसऱ्या दिवशी चढण्याआधी त्याने हिरव्या दिव्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवला आणि आवाज चालू केला. खाली माणूस आला की रामजी आपोआप शिवी घालायचा, ती आता वर ऐकू येत होती. तेवढं पुरत होतं.

पण त्याच दिवसापासून चाचण्याही ऐकू येऊ लागल्या.

चाचणी सोसायटीला आवडली. मॉर्निंग वॉकवरून येणारे झाडाखाली थांबू लागले. कुणी खुर्च्या आणल्या. गुप्त्यांचा हेडसेट हातोहात फिरू लागला. घामाचा प्रश्न कुणी काढला नाही. वैदेही नावाची एक मुलगी कुठल्याशा कंपनीत माणसं काढायचं काम करायची. ती गोड आवाजात म्हणाली, राजाराम, तुम्ही खूप छान आहात, पण तुमच्याशिवाय टीम जास्त छान चालेल. ललिताबाईंनी हेडसेट घातला, नवऱ्याकडे पाठ केली, झाडाकडे बघितलं आणि सुरुवात केली: तीस वर्षं एक शब्द ऐकून घेतला नाहीस, मेल्या, माझं माहेर तोडलंस, माझी नोकरी सोडवलीस. त्या बराच वेळ बोलल्या. गुप्ते शेजारी उभे राहून कौतुकाने झाडाकडे बघत होते. त्यांना वाटत होतं हे राजारामसाठी चाललंय. राजारामला ते आपल्यासाठी नाही हे कळलं. त्याने बाईंचं बोलणं संपेपर्यंत मुद्दाम मशीन हळू चालवलं.

मग मंत्रालयातून निवृत्त झालेले एक आजोबा उठले. चहाचा कप दुसऱ्याच्या हातात देऊन त्यांनी माईक घेतला.

"तुम्हा लोकांना सगळं आयतं मिळालं," ते शांतपणे म्हणाले. "आधी नोकऱ्या घेतल्यात, मग डोक्यावर बसलात. आता झाडावर बसलायत."

सगळ्यांनी आपापल्या चपलांकडे बघितलं. मग सगळ्यांनी एकाच वेळी वर बघितलं. राजारामचा हात एका लयीत चालला होता, भुसा पडत होता, चेहरा होता तसाच होता. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. वैदेही हळूच म्हणाली, बरं झालं ऐकू येत नाही, वाईट वाटलं असतं त्यांना.

राजारामला सराव होता.

घरी संघमित्रा रोज विचारायची, हेडसेट घातला होता ना? तो म्हणायचा, हो. काय बोलतात त्यात? कामाचंच बोलतात. तिने त्याला परत एकदा खोक्यात बसवलं. उजवा कान होता तेवढाच होता, तिळभर कमी झाला नव्हता. तिने कागद त्याला दाखवला आणि रात्री सुकट केली. हा सीझन निघाला की झालं, ती म्हणाली. राजाराम तिच्या डावीकडे बसून जेवला, म्हणजे ती त्याच्या उजवीकडे येईल असा. ऑफिसातल्या कुणाचं तरी लग्न ठरल्याची लांबलचक गोष्ट ती सांगत होती. त्याने ती सगळी ऐकली.

शेवटची मोठी फांदी राहिली होती. ती गुप्त्यांच्या खिडकीवर झेपावलेली होती. त्या सकाळी सौमित्र नावाचा चौथ्या मजल्यावरचा एक तरुण खाली आला. तो बाजारपेठेची सर्वेक्षणं करायचा. त्याने खुर्चीवर बसून दोन-तीन चाचण्या पाहिल्या आणि म्हणाला की ही पद्धतच चुकीची आहे. शिव्या देऊन काही सिद्ध होत नाही. या माणसाला शिव्यांची सवय असणार. त्याला ज्याची सवय नाही, असं काहीतरी बोललं पाहिजे. लोकांना हे एकदम पटलं, आणि इतके दिवस आपल्याला हे का सुचलं नाही याची थोडी लाजही वाटली. सौमित्रने रामजीला विचारलं, याच्या घरी कोण आहे? रामजीने सांगितलं. नाव विचारलं, तेही सांगितलं. कामाला कुठे, तेही सांगितलं. अभयने त्याचा दंड धरला तेव्हा रामजी म्हणाला, साहेबांनी विचारलं तर काय सांगू नको?

सौमित्रने हेडसेट घातला. त्याचा आवाज चांगला होता, बातम्या वाचणाऱ्यासारखा, जराही न चढणारा.

"रामजी, संघमित्राचा अपघात झालाय. परळ नाक्यावर, टँकरखाली आली. हॉस्पिटलात नेलंय, पण लवकर या म्हणतायत. राजारामला सांगू नका, झाडावर आहे तो."

राजाराम फांदीत अर्धा शिरला होता. मशीन थांबलं नाही. चेहरा हलला नाही. खालचे लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणीतरी म्हणालं, पास.

वर राजाराम विचार करत होता. हे खोटं आहे हे त्याला स्पष्ट कळत होतं. रोज याच वेळी खोटं बोलतात, आज हे बोलले. आज खाली उतरलो तर हेडसेट गेला, म्हणजे कान गेला, म्हणजे पोरीने ठेकेदाराच्या दारात बसून काढलेले दिवस गेले. आणि तीच चिडेल. म्हणेल, बाबा, तुम्हाला एवढं कळू नये? एवढा साधा डाव? हे सगळं बरोबर होतं, यात कुठेही चूक नव्हती. त्याने ते परत एकदा तपासून बघितलं. मग मशीन बंद केलं, पट्ट्याला अडकवलं आणि उतरायला लागला.

तो घाईने उतरला नाही. घाईने उतरणारी माणसं पडतात, आणि पडून चालणार नव्हतं. खाली टाळ्या सुरू झाल्या त्या त्याला हेडसेटमधून फार जवळून ऐकू आल्या. गुप्त्यांनी आपला हेडसेट परत घेऊन स्वतःच्या डोक्यावर चढवला आणि सौमित्रचा हात हातात घेतला. वैदेही म्हणाली, ओ माय गॉड, म्हणजे सगळंच ऐकत होते? आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ते आत निघून गेले.

राजारामने कुणाकडे बघितलं नाही. ट्रकमधल्या पिशवीतून फोन काढला. फोन कानाला लावायला हेडसेट आड येत होता. त्याने तो काढला, आणि शेजारी जो हात रिकामा दिसला त्याच्यात दिला. हात सौमित्रचा होता.

तीनदा रिंग गेली.

"काय झालं बाबा?"

राजाराम ट्रकच्या चाकाला टेकून खाली बसला.

"कुठायस?"

"सेंटरला. पेशंट बसलाय खोक्यात. काय झालं?"

"काय नाय. डबा खाल्लास?"

"बाबा, दहा वाजलेत. तुम्ही बरे आहात ना? हेडसेट घातलाय ना?"

"घातलाय."

"मग माझं कसं ऐकू येतंय?"

राजारामने मांडीवरचा भुसा झटकला.

"आत्ताच काढला. चहाला."

"चहा झाला की लगेच घाला. अर्धा तास पण उघड्या कानाने नाही. ऐकलंत?"

"ऐकलं," राजाराम म्हणाला. ते खरं होतं. त्याने अगदी नीट ऐकलं होतं. फोन बंद झाल्यावरही त्याने तो कानापासून लगेच काढला नाही.

मग उठून त्याने सौमित्रपुढे हात केला. सौमित्रने तोवर हेडसेट डोक्यावर चढवला होता आणि पट्टा आपल्या मापाचा करत होता. त्याला ऐकू येत नव्हतं. राजारामने रामजीकडे बघितलं. रामजी म्हणाला, ठरलं होतं ना राजाराम, तू हललास. राजारामने मान हलवली. ठरलं होतं.

गुप्त्यांनी मोठेपणा दाखवला. ते म्हणाले, याच्यावर तक्रार करायची नाही, मुलीचं ऐकून कुणीही हलेल, आपणही बाप आहोत. सौमित्रने त्यांना सांगितलं की म्हणूनच पद्धत अचूक होती. ललिताबाई वर जाऊन देवघरातला वातींचा कापूस घेऊन आल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने दोन बोळे केले आणि राजारामच्या तळहातावर ठेवले. एक त्याने परत दिला. डाव्याला नको, म्हणाला.

अर्धी कापलेली फांदी गुप्त्यांच्या खिडकीवर लोंबत होती. ती तशी ठेवता येण्यासारखी नव्हती. अभय म्हणाला, मामा, मी चढतो. राजाराम म्हणाला, तुला दोर सोडून काय येतं? आणि पट्टा बांधला.

वर पोचल्यावर त्याने खाली बघितलं. अभयने दोन्ही हात पसरून खाली माणूस नाही अशी खूण केली. राजारामने मशीनची दोरी ओढली. हिंदू कॉलनीतले कावळे तीन बिल्डिंगींवरून एकदम उडाले.

झाडाखाली गुप्ते आणि सौमित्र एकमेकांपासून दोन पावलांवर उभे होते, दोघांच्या कानांवर नारिंगी वाट्या. सौमित्र म्हणत होता की थोडं घट्ट वाटतंय. गुप्ते अगदी हळू, प्रेमळ आवाजात त्याला सांगत होते की पहिल्यांदा वाटतं तसं, मग सवय होते.